राडारोड्याचा हिशेब

२८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडा येथील दोन जुळे मनोरे सुरुंग लावून पाडण्यात आले. कुतुबमिनाराहून उंच असलेल्या त्या इमारती काही सेकंदांत कोसळल्या आणि सुमारे ८०,००० टन राडारोडा मागे उरला. त्याचा हिशेब पुष्कळसा लागला. काही भाग तळघरांच्या भरावात गेला, लोखंड वेगळे काढण्यात आले, काही माल प्रक्रिया केंद्राकडे रवाना झाला. साऱ्या देशाचे डोळे तेथे लागले होते, हे विसरून चालणार नाही.

एरव्ही राडारोडा असा गाजावाजा करून जन्मास येत नाही. न्हाणीघराच्या फरशा बदलल्या जातात, जुना वाडा उतरविला जातो आणि रात्री एखादा ट्रक भरून निघतो. तो कोठे रिकामा झाला हे मालकास ठाऊक नसते. कंत्राटदारास ठाऊक असले तरी तो सांगत नाही. मुंबईत ‘डेब्रिज’ या नावाने ओळखला जाणारा हा माल कित्येकदा खाडीकाठच्या तिवरांत पडतो. भरतीचे पाणी अडते, झाडे मरतात आणि कालांतराने तेथे पक्की जमीन झालेली दिसते. ती कोणाच्या उपयोगी पडते, हे सांगावयास नको!

वास्तविक या मालाचे मोल जागेवरच ठरते. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी मोठ्या बांधकामांना काँक्रीट, माती, विटा व चुना-सिमेंट, आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार ढीग निराळे ठेवण्यास सांगितले, ते याचसाठी. स्वच्छ काँक्रीट दळले की त्याची खडी होते. त्यात जिप्समचा गिलावा मिसळला, तर त्यातील सल्फेट नव्या काँक्रीटला बाधते. माती मिसळली, तर धुण्याचा खर्च वाढतो. भारतीय मानकाने २०१६ पासून साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत अशी खडी वापरण्यास मुभा दिली आहे. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून राडारोड्याचे फरसबंदीचे ठोकळे तयार होऊ लागले.

देखरेखीची खरी कसोटी मात्र फाटकापाशी लागते. तोडकामाचा आराखडा कागदावर सुरेख असतो. किती खेपा निघाल्या, वजनकाट्यावर प्रत्येकीचे वजन किती भरले आणि केंद्राने किती माल उतरवून घेतला, हे तीन आकडे जुळले पाहिजेत. निघालेल्या चाळीस खेपांपैकी एकतीसच पोहोचल्या, तर उरलेल्या नऊ कोठे गेल्या, हे ज्या दिवशी विचारले जाते त्याच दिवशी नियम जिवंत होतो. कंत्राटदाराचे देयक केंद्राच्या पावतीवाचून मंजूर न करणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. तो अवलंबिला जातो तेथे रात्रीचे ट्रक कमी होतात.

२०२५ च्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक क्षेत्राच्या बांधकामांवर राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली असून, त्यांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविण्यात आला. न्हाणीघराच्या फरशा मात्र या मापात बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रभागाप्रभागांत माल टाकण्याची जवळची जागा आणि परवडेल असे वाहतूकशुल्क, एवढी सोय नगरपालिकेलाच करावी लागते. कारण वीस पोत्यांसाठी दूरच्या केंद्रापर्यंत कोणीही जात नाही.