गाळा घेण्याआधी गल्ली फिरा

दुकान टाकायचंय? मग आधी महिनाभर आपल्याच भागात पायी फिरा. गाडी घरी ठेवा, काही ठरवू नका, वाटेल त्या बोळात वळा. गाडीवरून फक्त पाट्या दिसतात, चालताना गिऱ्हाईक दिसतं.

पुण्याच्या पेठांचंच बघा. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं एकाला लागून एक. कसबा पेठेत तांबट आळी. नवीन माणूस म्हणतो, "बाप रे, केवढी कॉम्पिटिशन!" पण सावकाश फिरलात की कळतं, चार दुकानं बघायला मिळतात म्हणूनच तर लोक इथे येतात. मग प्रश्न बदलतो : या चारही दुकानांतून गिऱ्हाईक काय विचारून रिकाम्या हाताने परत जातंय? तिथे तुमची जागा असू शकते.

एकच गल्ली सकाळी ७ ला, दुपारी २ ला आणि रात्री ९ ला वेगळी असते. पेठेत दुपारी कित्येक शटर खाली असतात. सावली कुठल्या बाजूला पडते, लोक रस्ता कुठे ओलांडतात ते बघा. कोणता गाळा सारखा रिकामा होतो, हे चहाच्या टपरीवर बरोबर कळतं.

घरी आल्यावर तीन ओळी लिहा, बस्स. डिपॉझिट देऊन ११ महिन्यांच्या करारावर सही केली, की मग गल्ली बदलता येत नाही. फिरायला पैसे लागत नाहीत. चुकीच्या जागेचं भाडं मात्र दर महिन्याला भरावं लागतं.