इंग्रजीशी गट्टी – १४ : ‘आलो, आलो!’चं इंग्रजी

जेवायला हाक आली की आपण आतल्या खोलीतून ओरडतो, ‘आलो, आलो!’ खरं तर खुर्चीवरून उठलेलोही नसतो, पण क्रियापद भूतकाळाचं. दारात चपला शोधत म्हणतो ते ‘निघालो गं’ही तसलंच. इंग्रजीत इथे ‘आय केम’ म्हटलं तर ऐकणारा विचारील, कधी आलास? तिथे ‘आय ॲम कमिंग’, ‘आय ॲम लीव्हिंग’ हवं.

मागच्या आठवड्यात काळांची नावं पाहिली. ती बहुतेकांना शाळेपासून पाठ असतात. घोटाळा होतो तो मराठीत रूप एका काळाचं आणि अर्थ दुसऱ्याच वेळेचा असतो तेव्हा. ‘पाऊस आला तर मॅच रद्द होईल.’ पाऊस अजून यायचाय, रूप मात्र ‘आला’. इंग्रजी इथे साधा वर्तमानकाळ घेते : ‘इफ इट रेन्स’. पाऊस पुढे पडणार म्हणून ‘इफ इट विल रेन’ लिहिणारी हुशार मुलं मी वीस वर्षांपासून पाहतो आहे. त्यांचा तर्क सरळ आहे, इंग्रजीची रीत वेगळी आहे, इतकंच.

आता माझंच शेवटून दुसरं वाक्य घ्या. ‘आय ॲम सीइंग धिस सिन्स ट्वेंटी इयर्स’ असं त्याचं इंग्रजी चटकन तोंडात येतं आणि त्यात दोन चुका आहेत. पूर्वी सुरू झालेलं काम अजून चालू असेल तर ‘हॅव बीन सीइंग’ लागतं. दुसरी चूक आपल्या ‘पासून’ची. मराठीत ‘२००५पासून’ही चालतं आणि ‘वीस वर्षांपासून’ही. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, मधल्या मुदतीला ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स २००५’, पण ‘फॉर ट्वेंटी इयर्स’.

‘हा सिनेमा मी काल पाहिला आहे’ हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत ‘काल’, ‘परवा’, ‘१९९८ साली’ अशी संपलेली वेळ आली की ‘हॅव’ला जागा नाही : ‘आय सॉ इट यस्टरडे’.

आता शब्दांच्या जागेकडे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दांची नाती सांभाळतात, इंग्रजीत बरंचसं काम जागेवर चालतं. ‘द कलेक्टर अनाउन्स्ड हेल्प फॉर फार्मर्स हू लॉस्ट देअर क्रॉप्स ऑन मंडे’ या वाक्यात सोमवारी काय झालं? पीक गेलं की मदत जाहीर झाली? घोषणा सोमवारची असेल तर ‘ऑन मंडे’ उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवा.

याहून फसवी जात म्हणजे ‘ड्रायव्हिंग होम, द फोन रँग’. आपल्याला काही खटकत नाही, कारण कानात ‘घरी गाडी नेताना फोन वाजला’ असतं. ‘-ताना’ मराठीत मोकळा आहे, गाडी एकाची, वाजणं दुसऱ्याचं, तरी चालतं. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो, सुरुवातीची क्रिया त्याच्याच गळ्यात पडते. म्हणजे गाडी फोन चालवत होता!

यावर माझा एक घरगुती उपाय आहे. अशा वाक्याचा पहिला तुकडा ‘-ताना’ऐवजी ‘-ऊन’ लावून म्हणा : ‘गाडी चालवून फोन वाजला.’ लगेच हसू येतं. ‘-ऊन’ला सहसा दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो. अर्थ नेमका उतरणार नाही, पण कर्ता चुकलाय हे कान सांगेल. (‘आजोबा जाऊन दहा वर्षं झाली’ ही कालगणनेची वाक्यं सोडा, त्यांना सूट आहे.) दुरुस्ती सोपी आहे, कर्ता उघड लिहायचा : ‘व्हाइल आय वॉज ड्रायव्हिंग होम, द फोन रँग’.

या आठवड्याचा सराव एकच : ‘वेटिंग फॉर द एसटी, माय अम्ब्रेला ब्रोक.’ एसटीची वाट कोण पाहत होतं, ते ठरवून वाक्य दुरुस्त करून ठेवा. पुढच्या आठवड्यात तपासू.