कागद, कचेरी आणि मुदत : विधी साहाय्यकाच्या शिक्षणाविषयीचे गैरसमज

मराठवाड्यातील शेतकऱ्याचा कायद्याशी आलेला संबंध हा प्रथमपासून मध्यस्थाच्या द्वारे आलेला आहे, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी ‘पॅरालीगल’ ह्या शब्दाभोवती जे समज साचले आहेत त्यांचा उलगडा व्हावयाचा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. कचेरीची आणि अदालतीची भाषा उर्दू होती. ज्याच्या नावाने जमीन चालत असे त्याला बहुधा स्वतःच्याच जमिनीचा दस्तऐवज वाचता येत नसे, आणि म्हणून अर्जनवीस, मुनशी किंवा पटवारी जे सांगेल ते प्रमाण मानण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. पुढे राज्य गेले, कारभाराची भाषा मराठी झाली, गावोगाव शाळा निघाल्या. परंतु कचेरीची पायरी चढण्यापूर्वी कोणी तरी जाणता माणूस सोबत असावा ही निकड मात्र तशीच राहिली. त्या जाणत्याला रीतसर शिक्षण मिळावे, त्याच्यावर न्यायसंस्थेची देखरेख असावी आणि गरजवंताकडून त्याने एक छदामही घेऊ नये, हा विचार विधी सेवेच्या व्यवस्थेत ‘विधी स्वयंसेवक’ ह्या नावाने आकाराला आला आहे, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांतील न्यायदानाच्या सुधारणांमध्ये इतकी मोलाची आणि इतकी अल्पपरिचित दुसरी सुधारणा नाही.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, हे शिक्षण म्हणजे वकिलीची कनिष्ठ आवृत्ती होय आणि ते घेतलेला मनुष्य निदान लहानसहान प्रकरणे तरी स्वतः चालवू शकतो. वस्तुस्थिती अशी की, १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे वकिली करण्याचा अधिकार केवळ सनदधारक अधिवक्त्यालाच आहे. सनद नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा त्याच अधिनियमाच्या ४५ व्या कलमात सांगितलेली आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणात सनद नसलेल्या व्यक्तीस उभे राहण्याची अनुज्ञा न्यायालय देऊ शकते हे खरे. परंतु ती न्यायालयाची कृपा असते, कोणाचा हक्क नव्हे. मुखत्यारपत्र हाती असले म्हणजे कोर्टात बाजू मांडता येते, ही समजूतही अशीच निराधार आहे : मुखत्याराला पक्षकाराच्या वतीने हजर राहता येते, अर्ज देता येतो, कागद स्वीकारता येतात; युक्तिवाद मात्र करता येत नाही. विधी साहाय्यकाचे पहिले शिक्षण ही मर्यादा जाणण्याचे असते, आणि ज्याला ती कमीपणाची वाटेल त्याने ह्या मार्गाला न जाणे हेच बरे.

मग त्याने करावयाचे तरी काय? ह्याचे उत्तर एका नित्याच्या तंट्यावरून देतो. केळीच्या बागांनी बहरलेल्या अर्धापूर तालुक्यात घड उतरल्यावर माल दोन दिवसही शेतात थांबू शकत नाही, त्यामुळे वाहन बागेपर्यंत पोहोचणे हा तेथे केवळ सोयीचा नव्हे तर वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न असतो. समजा, शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. गावातला सल्ला बहुधा दोन प्रकारचा असतो : पोलिसांत जा, नाही तर दिवाणी दावा लाव. परंतु अशा प्रसंगासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. त्याच्या ५ व्या कलमाखाली तहसीलदारापुढे दावा करून तो अडथळा दूर करून घेता येतो, मात्र तो दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. आता ह्याच्या शेजारचा दुसरा प्रसंग पाहा : रस्ता मुळात नव्हताच, वाटण्या होत होत एक तुकडा चारही बाजूंनी कोंडला गेला आहे. येथे वरील अधिनियम उपयोगाचा नाही; येथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ह्यातील १४३ व्या कलमाखाली, इतरांच्या बांधावरून रस्ता मिळावा म्हणून अर्ज करावा लागतो. दोन्ही अर्ज एकाच तहसील कचेरीत जातात आणि वरवर पाहता दोन्हींची तक्रार एकच दिसते. परंतु पहिल्या प्रसंगी दुसऱ्या कलमाचा अर्ज करून जो वाट पाहत बसला त्याची सहा महिन्यांची मुदत निघून जाते आणि मग उभ्या बागेकडे पाहत दिवाणी न्यायालयाच्या तारखा मोजणे त्याच्या नशिबी येते. हा भेद ओळखणे, गटनकाशा आणि सातबारा जोडून साध्या मराठीत अर्ज लिहिणे, आवक-जावक शाखेतून पोच घेणे, आणि प्रकरण गुंतागुंतीचे दिसताच ते वकिलाच्या स्वाधीन करणे, एवढेच विधी साहाय्यकाचे काम आहे; आणि एवढ्याने एखादे घर वाचते, ह्याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही.

सातबाऱ्याचा उल्लेख आला म्हणून त्याविषयीची एक भ्रामक समजूत येथेच दूर केली पाहिजे, कारण शिक्षण न घेतलेला सल्लागार सर्वाधिक फसतो तो येथेच. सातबाऱ्यावर नाव आले म्हणजे मालकी सिद्ध झाली, आणि नाव नाही म्हणजे हक्क बुडाला, असे सर्रास सांगितले जाते. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असे संहितेचे १५७ वे कलम म्हणते, परंतु नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने ती नष्टही होत नाही. बापाच्या पश्चात भावांनी वारस नोंद करताना बहिणीचे नाव वगळले, तर तिचा वाटा त्यामुळे संपत नाही. फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घेता येते, नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली असल्यास साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि वाटणीचा मूळ प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे नेता येतो. अशा बहिणीला ‘आता काही होत नाही, ताई’ असे सांगून परत पाठवणारे पुष्कळ असतात.

दुसरा गैरसमज पात्रतेविषयी आहे. कायद्याची पदवी असल्याखेरीज ह्या शिक्षणाला प्रवेश नाही, असे समजून कित्येक लायक माणसे अर्जच करीत नाहीत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना २००९ मध्ये सुरू केली आणि २०१३ मध्ये ती सुधारून तिला प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम जोडला. त्या योजनेत शक्यतो दहावी उत्तीर्ण आणि समज चांगली, एवढीच अपेक्षा आहे. निवृत्त शिक्षक, निवृत्त सरकारी नोकर, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे विद्यार्थी, बचत गटांच्या सदस्य स्त्रिया ह्यांचा तीत नावानिशी निर्देश आहे. इतकेच काय, दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणारे, शिकलेले आणि सद्वर्तनी बंदीजनही कारागृहात हे काम करू शकतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही दार मोकळे आहे, परंतु सनद हाती पडेपर्यंतच. अधिवक्त्याला विधी स्वयंसेवक होता येत नाही. प्रशिक्षणात राज्यघटनेची तोंडओळख, न्यायालयांची रचना, कौटुंबिक व मालमत्तेचे कायदे, अटक आणि जामीन, बालकांचे व कामगारांचे हक्क, शासकीय योजना असे विषय असतात. शिवाय अर्ज लिहिणे आणि समोरच्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे ह्यांचाही सराव करून घेतात. ह्या शेवटच्या विषयाकडे दुर्लक्ष करू नये. नवऱ्याच्या मारहाणीविषयी बोलावयास आलेली बाई पहिल्या अर्ध्या तासात रेशनकार्डाविषयीच बोलत राहते. तिला मध्येच तोडणारा कितीही कलमे जाणत असला तरी तिच्या उपयोगी पडत नाही.

तिसरा समज, आणि तरुणांच्या दृष्टीने सर्वांत घातक, असा की ही सरकारी नोकरी आहे. विधी स्वयंसेवकाला वेतन नाही, निवृत्तिवेतन नाही. नेमून दिलेल्या कामाच्या दिवसाचे मानधन मिळते, नेमणूक मुदतीची असते, आणि ओळखपत्र मिळाले म्हणून अधिकारपद प्राप्त होत नाही. पक्षकाराकडून पैसे घेणे निषिद्ध आहे. एखाद्या ठरावीक वकिलाकडे पक्षकार वळवून त्याबद्दल काही स्वीकारणे ही तर उघड दलालीच होय, आणि अशा दलालांची यादी प्रसिद्ध करण्याचा अधिकार अधिवक्ता अधिनियमाच्या ४५ अ ह्या कलमाने जिल्हा न्यायाधीशांनाही दिलेला आहे.

उपजीविकेसाठी ह्या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने म्हणून दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या ओळखाव्यात : एक सेवेची, जी वर सांगितली, आणि दुसरी व्यवसायाची. व्यवसायाच्या वाटेवर आपल्या देशात पॅरालीगलची कोणतीही वैधानिक परिषद नाही, नोंदणी नाही, परवाना नाही. त्यामुळे ‘शासनमान्य पॅरालीगल परवाना’ अशी जाहिरात करून शुल्क घेणारा कोणी भेटल्यास त्याने दाखविलेला परवाना कोणत्या कायद्याखालचा, हे त्यालाच विचारावे. पदविका अवश्य आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका बारावीनंतर घेता येते आणि तिचा पाया चांगला आहे. परंतु कोणतीही पदविका विधी पदवीची जागा घेऊ शकत नाही. ज्याला पुढे सनदच हवी आहे त्याने बारावीनंतरचा पाच वर्षांचा किंवा पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नियमित महाविद्यालयातूनच पुरा केला पाहिजे, कारण दूरशिक्षणाने घेतलेली विधी पदवी वकिलीच्या नोंदणीस चालत नाही. त्यासाठी नांदेडचे नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आणि लातूरचे दयानंद विधी महाविद्यालय घरापासून दूर नाहीत.

पदवी न घेताही सन्मानाने करता येण्यासारखी कामे आहेत. वकिलाच्या कचेरीतील अनुभवी कारकून म्हणजे रोजनामा पाहून तारखा टिपणारा, वकीलपत्र व शपथपत्र सिद्ध करणारा, पुरसिस वेळेवर दाखल करणारा, प्रमाणित नकलांचा पाठपुरावा करणारा आणि आता ई-फायलिंगही जाणणारा मनुष्य. त्याच्यावाचून मोठमोठ्या वकिलांचे पान हलत नाही. बँकेच्या कर्जापूर्वी जमिनीचा मागील तीस वर्षांचा शोध घेताना दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील सूची क्रमांक दोन धुंडाळणे हेही अशाच जाणत्याचे काम आहे. जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकाची जागा हवी असेल तर पदवीबरोबर टंकलेखनाची प्रमाणपत्रे, मराठीचे मिनिटाला ३० आणि इंग्रजीचे ४० शब्दांचे, आधीच मिळवून ठेवावीत. आणि मराठवाड्यातील तरुणाला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते : येथील जुने अभिलेख उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला तेव्हा निजामकालीन दप्तर वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे सर्वांच्या प्रत्ययास आले. ज्या तरुणाला कायद्याच्या प्राथमिक ज्ञानासह मोडी व उर्दू वाचता येईल, त्याला कुळाच्या, इनामाच्या आणि खासरा पत्रकाच्या प्रकरणांत काम शोधत हिंडावे लागणार नाही.

मोफत विधी सेवा ही केवळ भिकेस लागलेल्यांसाठी असते, हा समज तर स्वयंसेवकांतही आढळतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९ क हा अनुच्छेद घातला, त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमातील यादी मुळातून वाचण्यासारखी आहे : अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, स्त्रिया, बालके, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, तसेच पूर, दुष्काळ आणि भूकंप ह्यांनी पीडित झालेले. ह्या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. ती आहे इतर प्रवर्गांसाठी. ज्या लातूर जिल्ह्याने १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसला त्याच्या शेजाऱ्यांना ह्या यादीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. शेतमालकाची पत्नी असो की शाळेतील शिक्षिका, स्त्री म्हणून ती पात्रच आहे. लोकअदालतीत तडजोड करावीच लागते, हेही असत्य. तडजोड ऐच्छिक असते, मात्र ती झाल्यावर तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासमान ठरतो आणि त्यावर अपील नाही, हे सहीपूर्वी पक्षकाराला दोनदा सांगणे साहाय्यकाचे कर्तव्य आहे.

एकदा शिक्षण झाले की झाले, असे मानणाऱ्यांनी १ जुलै २०२४ ह्या तारखेकडे पाहावे. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. लोकांच्या तोंडी बसलेले चारशेवीस आता ३१८ व्या कलमात आहे; विवाहितेच्या छळाचे ४९८ अ हे ८५ व ८६ मध्ये गेले आहे; प्रथम खबर १५४ ऐवजी १७३ खाली नोंदवली जाते आणि गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, ती नोंदवून घ्यावी लागते. तरीही त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू राहते, म्हणून पुढील कित्येक वर्षे साहाय्यकाला दोन्ही संहिता जवळ ठेवाव्या लागतील.

अर्धापूर तालुक्यातील ज्या स्त्री-पुरुषांना हे काम करण्याची इच्छा असेल त्यांनी नांदेडच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे निवडीच्या वेळापत्रकाची चौकशी करावी. अर्ज, शिक्षणाची प्रमाणपत्रे आणि मुलाखत एवढ्यावर निवड होते, आणि त्यासाठी कोणालाही शुल्क द्यावयाचे नसते. स्वतःलाच विधी साहाय्य हवे असणाऱ्याने १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी पुरे. अर्ज कोऱ्या कागदावर, मराठीत आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेला चालतो, आणि लिहिता येत नसल्यास तेथील कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक सांगितलेली हकीकत उतरवून घेतात.