पांडूमागील फॅन्कोनी आणि आसवारिष्टे

पांडूचे बालक आले की आम्हां वैद्यांचा हात प्रथम लोहासवाकडे जातो. पळसदरीही त्यास अपवाद नाही. क्वचित मात्र व्याधी आदिबलप्रवृत्त असतो. १९२७ साली स्विस बालरोगतज्ज्ञ गिडो फॅन्कोनी यांनी वर्णिलेला फॅन्कोनी ॲनिमिया त्यांपैकीच. डीएनएचे दोन धागे एकमेकांस जखडले गेल्यास ते सोडविणारी पेशीतील यंत्रणाच यात निकामी असते. मद्याच्या पचनात निर्माण होणारे ॲसिटाल्डिहाइड अशीच इजा करते. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्य असतेच. सबब या रुग्णांस ती अल्प मात्रेतही देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. वारंवार रक्त चढविलेल्यांत तर लोहाचाच संचय होतो.

कर्करोगावरील सिस्प्लॅटिन हेच जोड मुद्दाम घडवून पेशी मारते. या रुग्णांत रक्ताचा व मुखाचा कर्करोग अल्पवयातच उद्भवू शकतो आणि नेहमीच्या मात्रेतील केमोथेरपी जिवावर बेतते. म्हणून निदान आधी हवे.

खुजेपणा, अंगठ्याचे व्यंग, त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग या खुणा. काहींत त्या नसतातही. रक्तातील तिन्ही प्रकारच्या पेशी घटलेल्या दिसताच परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीकडे पाठवावे. तेथे मायटोमायसिन-सी वापरून गुणसूत्रे कितपत तुटतात, हे तपासतात. औषधविक्रेत्यांनीही बालकासाठी लोहासवाची दुसरी बाटली देण्यापूर्वी रक्ततपासणीचा अहवाल मागावा.