तारप्याच्या आवर्तात: बोर्डीचा चिकू महोत्सव

डहाणू तालुक्यातील मौजे बोर्डीच्या सुरूबनालगतच्या किनाऱ्यावर २०१३ पासून शनिवार-रविवारी जो चिकू महोत्सव भरत आला आहे, त्यास केवळ फळांचा बाजार समजणे हा त्याच्या कलापक्षावर अन्याय होय. कारण तेथे चिकूच्या राशींइतक्याच अगत्याने तारपाही ऐकावयास मिळतो. वाळलेला पोकळ भोपळा, मेणाने सांधलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा रुंदावत जाणारा कर्णा, एवढ्याच सामग्रीतून हे वाद्य सिद्ध होते. आणि वादक श्वास न तोडता ते फुंकीत असता, हात गुंफलेले स्त्रीपुरुष तारप्यास पाठ न दाखविता त्याच्याभोवती फिरत राहतात. हेच आवर्त याच तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी भिंतीवरून कागदावर आणले, आणि २०११ साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले.

शेजारच्या तलासरी तालुक्यातील पाड्यांवर नव्या भाताच्या हंगामात हाच सूर घुमतो, आणि माझ्या मते त्याची खरी बैठक तीच. तथापि नवख्याने आरंभ बोर्डीपासून करावा. घोलवड स्थानकावर उतरा, आणि आवर्त सुरू होताच कॅमेरा बाजूस ठेवून त्यात सामील व्हा.