पांढरीच्या टेकाडांत दडलेले ‘तगर’

छत्रपती संभाजीनगर : संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना परिचित असलेले तेर (जि. धाराशिव) सातवाहनकाळात दख्खनमधील मोठी बाजारपेठ होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ हे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. तेथील साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे.

हे तगर नेमके कोठे, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. कोणी देवगिरी, कोणी जुन्नर, तर कोणी धारूर सुचविले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले व पुढे ते सर्वमान्य झाले. कोकणातील शिलाहार राजेही ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी अभिमानाने मिरवीत. गावातील त्रिविक्रम मंदिराची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून, विटांची ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे मानले जाते.

रोमशी नाते

तेरणा नदीकाठच्या टेकाडांवर १९५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी उत्खनन केले. त्यापूर्वीपासून गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेथे सापडणाऱ्या वस्तू जतन केल्या. त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात रोमन धर्तीचे दिवे, मृण्मूर्ती, मणी आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. या मूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे.

थर का महत्त्वाचा?

पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्ती त्यापूर्वीची, हे निर्विवाद ठरते. तेरला अशी राख नाही. वस्त्यांवर वस्त्या होऊन साचलेली पांढरी आहे. तिचा प्रत्येक थर हाच कालगणनेचा आधार. थराची नोंद नसलेल्या वस्तूचा काळ मुख्यतः घडणीवरून ताडावा लागतो.

मराठवाड्यात माळवदावर टाकण्यासाठी आणि शेतात पसरण्यासाठी पांढरीची माती नेण्याची जुनी रीत आहे. मातीबरोबर मणी, नाणी वर येतात. पण थर मोडतात. वस्तू संग्रहालयात पोहोचू शकते, मोडलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणूनच तगरच्या इतिहासासाठी संग्रहालयाइतकेच न खणलेले टेकाडही मोलाचे आहे.