साईडकार : तिसऱ्या चाकाचं गणित आणि आजीचं हेल्मेट

ज्यांचा इअरफोन घरी राहिलाय, किंवा जे ऑफिसात लपून वाचतायत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे फार "अं, म्हणजे" झालं होतं ते काढलंय. बाकी जसं बोललो तसं.

आजचा विषय साईडकार. नाव काढलं की आपल्याला पहिल्यांदा आठवतो १९७५चा 'शोले', जय-वीरू आणि ती बाईक. बाहेरच्या देशांत हाच प्रश्न विचारला तर बहुतेक लोक एक रशियन नाव घेतील, युरल. मी गेलं वर्षभर एक साईडकारवाली गाडी चालवतोय आणि दुरुस्तही करतोय. पण ती युरल नाही. आमच्या आजोबांची बजाज चेतक आहे. आणि ती चालवायला मी शिकलो युरलचे व्हिडिओ बघून. तिथंच घोळ झाला. तो सांगतो, आधी थोडी पार्श्वभूमी.

युरल म्हणजे काय प्रकरण आहे

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सोव्हिएत सैन्याला चिखलात, बर्फात चालणारी मोटरसायकल हवी होती. त्यांनी जर्मनीच्या बीएमडब्ल्यू आर-७१ वरून एम-७२ नावाची गाडी तयार केली. १९४१मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने निघाल्या, तेव्हा कारखाना उचलून उरल पर्वताच्या पलीकडे इर्बित या छोट्या गावात नेला. १९४२पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. उरलवरूनच पुढे नाव पडलं. २०२२मध्ये युक्रेन युद्धानंतर निर्बंध आले आणि जुळणीचं काम कझाकस्तानातल्या पेट्रोपावल शहरात गेलं. म्हणजे आज नवी 'रशियन' युरल घेतली तर ती कझाकस्तानातून येते.

गाडीचं इंजिन ७४९ सीसीचं, दोन सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर आलेले, वाऱ्यावर थंड होणारं. ताकद साधारण ४० अश्वशक्ती, म्हणजे आकाराच्या मानाने कमीच. चेन नाही, शाफ्ट आहे. रिव्हर्स गिअर आहे, कारण साडेतीनशे किलोच्या आसपासचं धूड पायाने मागे ढकलता येत नाही. काही मॉडेलमध्ये साईडकारचं चाकसुद्धा इंजिनाला जोडता येतं. पण ते चिखलापुरतं. डांबरी रस्त्यावर जोडलं तर गाडी वळायला तयारच होत नाही, कारण मध्ये डिफरन्शियल नाही आणि दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायचा हट्ट धरतात.

अमेरिकेत तिची किंमत २० हजार डॉलरच्या पुढे. त्यावर आयात शुल्क, जहाजाचं भाडं, नोंदणी. माझ्या पगारात हा विषय इथेच संपतो.

आणि आमची चेतक

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची फॅमिली कार म्हणजे स्कूटरला जोडलेली साईडकार. बाबा चालवणार, पुढे पोरगं उभं, मागे एक जण, आणि साईडकारमध्ये आई, मांडीवर धाकटं आणि पायाशी भाजीची पिशवी. आपल्या शहराशी बजाजचं नातं वेगळं सांगायला नको. १९८५मध्ये वाळूजचा प्रकल्प सुरू झाला आणि अर्ध्या शहराचं पोट त्या रस्त्याला लागलं.

आजोबा गेले तशी चेतक अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. मी ती बाहेर काढली त्याला कारण आजी. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. मोटरसायकलवर मागे बसणं सोडाच, रिक्षात चढायलाही दोन माणसं लागतात. साईडकार मात्र खाली असते. आधी टेकून बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. आजीची इच्छा एकच : खुलताबादला भद्रा मारुतीला जायचं, आणि आजोबांच्या गाडीतूनच जायचं. आता नाही म्हणून बघा.

तिसरं चाक एका बाजूला असलं की काय होतं

रिक्षाला पण तीन चाकं आणि साईडकारवाल्या स्कूटरला पण तीन. मग फरक काय? रिक्षाचं पुढचं चाक बरोबर मधोमध आहे, डावी-उजवी बाजू सारखी. साईडकारमध्ये इंजिन, चालक, ब्रेक सगळं उजवीकडे, आणि डावीकडे नुसतं ओझं. त्यामुळे गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागतच नाही.

चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, अॅक्सिलरेटर पिळला की गाडी डावीकडे ओढते. स्कूटर पुढे पळते, साईडकार मागे रेंगाळते.

दोन, ब्रेक मारला की उजवीकडे ओढते. स्कूटर थांबते, पण साईडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर ती पुढे जात राहते आणि गाडीचं तोंड उजवीकडे फिरवते. आपल्याकडे उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात.

तीन, डावीकडे वळताना वजन उजवीकडे फेकलं जातं आणि साईडकारचं चाक उचललं जातं. रिकामी असेल तर फारच पटकन.

चार, उजवीकडे वळताना साईडकार जमिनीवर दाबली जाते, त्यामुळे गाडी भक्कम वाटते. पण अतिवेगाने घेतली तर स्कूटरचं मागचं चाक उचलून गाडी डावीकडे पुढच्या कोपऱ्यावर कलंडू शकते.

शिवाय या गाडीला कलता येत नाही. दुचाकीवर आपण नकळत अंग झुकवून वळतो. इथे हँडल रिक्षासारखं ताकदीने फिरवावं लागतं. पहिल्या आठवड्यात माझे खांदे दुखत होते.

माझी चूक : प्लसचं मायनस

आता तो घोळ. मी रात्र रात्र युरलचे व्हिडिओ बघितले. सगळे सांगत होते, उजवं वळण धोक्याचं, तिथे वेग कमी करा. मी तेच पाठ केलं. पण त्या देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि साईडकार गाडीच्या उजवीकडे असते. आपली डावीकडे. म्हणजे मला सगळं उलटं करून शिकायला हवं होतं. दिवसभर कोड लिहिणारा माणूस मी, आणि साधं चिन्ह बदलायला विसरलो.

सिडकोत घराजवळच्या एका डाव्या वळणावर, साधारण तिशीच्या वेगात, रिकामी साईडकार फूटभर हवेत गेली. मी घाबरून हँडल सरळ केलं. साईडकार धाडकन खाली आली, पण गाडी वळण सोडून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. समोर कुणी नव्हतं म्हणून आज हा भाग रेकॉर्ड होतोय. त्याच दुपारी आजी त्यात बसणार होती. मी तिला सांगितलं, पेट्रोल संपलंय. दोन महिने गाडी रस्त्यावर काढली नाही.

खरं तर चाक उचललं गेल्यावर हँडल सरळ करणं बरोबरच असतं, अॅक्सिलरेटरही हळूहळू सोडायचा. चूक त्याच्या आधीची होती. वळणाच्या आधी वेग कमी करायला हवा होता, आणि रिकाम्या साईडकारमध्ये वजन हवं होतं. आता तिच्या तळाशी तीस-चाळीस किलोची वाळूची गोणी असते, दोरीने बांधलेली. कुणी बसलं की गोणी बाहेर. आणि ते दोन महिने मी रोज सकाळी मोकळ्या मैदानात विटा मांडून डावी वळणं घेत बसलो.

अलाइनमेंट : दोन पट्ट्या आणि एक टेप

जोडणी नीट नसेल तर गाडी सतत एकीकडे ओढते आणि टायर खाते. तीन मापं बघायची.

पहिलं, साईडकारचं चाक किंचित स्कूटरच्या दिशेने तोंड करून हवं. दोन लांब, सरळ पट्ट्या घ्या. एक स्कूटरच्या चाकांना लावून जमिनीवर ठेवा, दुसरी साईडकारच्या चाकाला. दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर पुढे आणि मागे टेपने मोजा. पुढचं अंतर साधारण १० ते २० मिलिमीटरने कमी हवं.

दुसरं, रिकामी गाडी सपाट जागी उभी केली की स्कूटर साईडकारपासून किंचित बाहेर, म्हणजे उजवीकडे झुकलेली हवी. एखाद-दोन अंश पुरे. माणसं बसली की ती सरळ होते.

तिसरं, साईडकारच्या चाकाचा आस स्कूटरच्या मागच्या चाकाच्या थोडा पुढे हवा. हे बहुतेक वेळा फ्रेमनेच ठरलेलं असतं.

मला हे जमवायला तीन रविवार लागले. ज्या चाचांकडे आजोबा गाडी न्यायचे, ते बाजूला स्टुलावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, टेप ठेव. हँडल ढिलं धरून सरळ रस्त्यावर चालव, गाडी स्वतः सांगेल." मी दोन्ही केलं. टेपने माप लावलं आणि रस्त्यावर तपासलं.

देखभाल : युरलकडून काय घ्यायचं

युरलवाल्यांची एक सवय मला आवडली. मालक स्वतः पाना हातात घेतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचं तेल वेगवेगळं, व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर तपासायचं, स्पोक ठोकून आवाज ऐकायचा. ठरलेल्या किलोमीटरला ठरलेलं काम.

चेतकला व्हॉल्व्हच नाहीत, टू-स्ट्रोक आहे. पण तिची यादी वेगळी. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला २० मिली, अंदाजपंचे नाही, मापाने. प्लग साफ. क्लच आणि गिअरच्या केबल जास्त जपायच्या, कारण साधारण १५० सीसीचं इंजिन आता दीडपट ओझं ओढतंय. सायलेन्सरमधला कार्बन काढायचा. साईडकार जोडणारे नट-बोल्ट दर आठवड्याला हाताने तपासायचे. वेल्डिंगवर केसाएवढी तडा दिसली तरी गाडी उभी.

आणि हो, चेतक आडवी करून किक मारायची ती जगप्रसिद्ध युक्ती विसरा. साईडकार असताना ती आडवी होतच नाही. त्यामुळे कार्बोरेटर नीट ठेवण्याला पर्याय नाही.

घाटासाठी एक खास गोष्ट. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलसोबतच मिळतं. लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये उतरलात तर इंजिन फिरतं, पण ऑइल फारसं मिळत नाही, आणि ते जाम होऊ शकतं. म्हणून उतारावर मधूनमधून थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा.

कागद आणि हेल्मेट

१९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलची व्याख्याच अशी आहे की त्यात काढता येण्याजोगी साईडकार धरलेली आहे. म्हणजे साईडकार लावली म्हणून गाडी रिक्षा होत नाही. पण याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडीत वेगळा बदल मनाने करायचा नाही. आमच्या आरसीवर साईडकारची नोंद आजोबांनी करून ठेवली होती, म्हणून मी वाचलो. तुम्ही नवीन लावणार असाल तर आधी आरटीओ, मग वेल्डर. विमा कंपनीला लेखी कळवा. आणि गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी.

हेल्मेट? मोटरसायकलवरून नेल्या जाणाऱ्या प्रत्येकाला, ४ वर्षांवरच्या. साईडकारमध्ये बसलेली आजीसुद्धा त्यात आली.

शेवटी

गेल्या महिन्यात आम्ही निघालो. पहाटे, गर्दीच्या आधी. आजीने आधी डोक्यावरून पदर घेतला, मग त्यावर हेल्मेट, मग आरशात बघून म्हणाली, "हे काय करायलास रे मला?" दौलताबादच्या किल्ल्याजवळचा तो अरुंद दरवाजा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिथे मी थांबून आधी समोरची गाडी जाऊ दिली, कारण आपली रुंदी आता स्कूटरची नाही. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या वेगात. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दे म्हटलं.

एक डावं वळण आलं. मी आधीच वेग उतरवला. आजीने साईडकारची कड घट्ट धरली आणि स्वतःच डावीकडे झुकून बसली. मी तिला हे शिकवलं नव्हतं. वर पोचल्यावर विचारलं, तर म्हणाली, "तुझे आजोबा प्रत्येक डाव्या वळणाला ओरडायचे, इकडं झुक म्हणून."

म्हणजे जे शिकायला मी रशियन गाडीचे व्हिडिओ बघत बसलो, ते घरातच होतं. फक्त विचारायचं राहिलं होतं.

तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असेल, तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारा ती कशी चालवायचे. मग पाना घ्या. पुढच्या भागात भेटू, तोवर गाडी जपून चालवा, डावीकडे तर खासच.